वरचं बटण

मे महिन्यातली दुपार. कणकवलीच्या एसटी स्टँडवर देवगडची गाडी लागायची होती आणि ती काही लागत नव्हती. वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. कोणी पंचाने मान पुसत होतं, कोणी वर्तमानपत्राने वारा घेत होतं, एका पोराने तर शर्टच काढून खांद्यावर टाकला होता. माझ्या समोरच्या बाकावर साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, आणि शर्टाचं गळ्याशी असलेलं सगळ्यात वरचं बटण लावलेलं. आमच्याकडे मे महिन्यात ते बटण कोणी लावत नाही. लग्नात नवऱ्यामुलाचा बापसुद्धा अक्षता पडल्या की ते सोडतो. माझी नजर त्या बटणावर गेली ती तिथेच राहिली. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली, आणि शेवटी पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. परक्या माणसाच्या गळ्याकडे असं टक लावून बघणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण मला त्यांना एकच विचारायचं होतं, वरचं बटण जरा सोडता का. ते काही विचारता आलं नाही.

२०१० च्या नोव्हेंबरात, भाताची झोडणी चालू असताना, खाडीपलीकडच्या गावातून एक जोडपं माझ्या दवाखान्यात आलं होतं. माझा दवाखाना तेव्हा लहान होता, सहा खाटा, एक ईसीजीचं मशीन आणि दारावर एमडी मेडिसिनची पाटी. ते पन्नाशीतले. तरुणपणी मुंबईच्या गिरणीत साचाखात्यात काम केलेले, १९८२ च्या संपानंतर चार-पाच वर्षं तिथेच धडपडून गावी परतलेले. गिरणीतून परत आलेल्या माणसांची एक टापटीप असते, ती मी लहानपणापासून बघत आलोय. शर्ट खोचलेला, केस पाण्याने चापून बसवलेले, वरचं बटण लावलेलं. हात-पाय मात्र काटकुळे झालेले आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, बेंबी बाहेर आलेली. डोळ्यांत किंचित पिवळी झाक. ते खुर्चीत नीट बसायच्या आत माझं निदान होऊन गेलं होतं. मी विचारलं, "किती वर्षं घेताय?" घेता का, असं मी विचारलंच नाही. ते खाली बघत राहिले. बायको म्हणाली, "डॉक्टरानू, तेंनी जल्मात दारूक हात लावूक नाय."

आणि मी हसलो.

ते हसणं कुठून आलं ते मला माहीत आहे. मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असताना माझा मामा गेला. तेच पोट, तेच काटकुळे हात, तीच पिवळी झाक. मामी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, हे घेत नाहीत हो, यांना काविळीने धरलंय. मागच्या खोपीत लाकडांच्या आड बाटल्या होत्या आणि त्या तिथे आहेत हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मामीला खोटं पाडायचं धाडस कोणी केलं नाही, मीही नाही. पुढे डॉक्टर झाल्यावर प्रत्येक फुगलेल्या पोटामागे मला ती खोपी दिसायची, आणि नवऱ्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी मामीचंच वाक्य ऐकू यायचं. त्या दिवशी समोरची बाई खरं बोलत होती. माझ्या कानात ती मामीच्या आवाजात बोलत होती.

मग आठ महिने मी त्यांच्यावर यकृताचे उपचार केले. मीठ बंद, लघवीच्या गोळ्या, आणि दर तीन-चार आठवड्यांनी पोटात सुई घालून पाणी काढणं. पिवळसर, लिंबाच्या सरबतासारखं पाणी, एका वेळी चार-चार लिटर. ते उताणे पडून छपराकडे बघत राहायचे आणि मी बाटली भरताना बघायचो. काविळीच्या विषाणूंच्या दोन्ही तपासण्यांत काही निघालं नाही, त्याने तर माझी खात्रीच वाढली. दम लागतो म्हणाले तेव्हा कोल्हापूरहून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणायला सांगितला. रिपोर्टात पंपिंग साठ टक्के, म्हणजे उत्तम. हृदय ठीक आहे, असं मी स्वतःच्या अक्षरात केसपेपरावर लिहिलं. दर भेटीला मी त्यांना दारू सोडायला सांगायचो आणि दर भेटीला ते मान हलवायचे. ती मान होकाराची होती असं मी धरून चाललो होतो.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात, रात्री आठच्या सुमारास ते आले. लाईट गेली होती. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येईना. त्यांना आडवं होता येत नव्हतं, म्हणून मी खाटेवर पाय सोडून बसायला सांगितलं. सिस्टर बॅटरी घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि जरा मोकळं वाटावं म्हणून तिने वरची दोन बटणं सोडली. त्यांचा हात एकदम वर आला, बटण धरायला. मी म्हटलं, राहू दे. ते धापा टाकत म्हणाले, "वाकलंय काय मानेच्यो शिरो फुगतत. लोक बगीत रवतत."

बॅटरीचा उजेड बाजूने पडत होता. सरळ समोरून पडला असता तर कदाचित मला काही दिसलं नसतं. तिरक्या उजेडात मानेवर सावली पडते आणि सावली हलली की डोळ्याला कळतं. कॉलरपासून वर, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत, एक शीर करंगळीएवढी भरलेली होती, आणि तिचं टोक मानेवर कुठे दिसतच नव्हतं. ते थेट कानाच्या पाळीखाली गेलं होतं. पाळी हलत होती. ठोक्यागणिक आत ओढली जाऊन परत वर येत होती, पाण्यात सोडलेल्या गळाच्या बोयासारखी. मी त्यांना सावकाश श्वास आत घ्यायला सांगितलं. निरोगी माणसाने श्वास आत घेतला की छाती रक्त ओढून घेते आणि मानेतली शीर ओसरते. त्यांची शीर श्वासाबरोबर आणखी भरली. पाळी आणखी वर गेली. मी पुन्हा करायला लावलं, तिसऱ्यांदा करायला लावलं. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली.

आडॉल्फ कुसमॉल या जर्मन वैद्याने १८७३ मध्ये ही खूण लिहून ठेवली. मला ती तोंडपाठ होती. एमडीच्या परीक्षेत मी तिच्यावर बोललोही होतो. आणि आठ महिन्यांत मी या माणसाची मान एकदाही पाहिली नव्हती. पोट तपासायला शर्ट खालून वर सरकवावा लागतो, मान बघायची तर वरून सोडावा लागतो. मी दर वेळी खालून सरकवला.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्यांची फाईल मी पहिल्या पानापासून वाचली. पोटातल्या पाण्याच्या तपासणीचा कागद डिसेंबरातला होता. त्यात प्रथिनं शंभर मिलिलिटरला ४.२ ग्रॅम. यकृत आक्रसून पोटात साठणाऱ्या पाण्यात प्रथिनं सहसा कमी असतात, अडीच ग्रॅमच्या खाली. एवढी प्रथिनं असलेलं पाणी बऱ्याचदा यकृताच्याही वरून, हृदयाशी तुंबलेल्या रक्तामुळे झिरपलेलं असतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात खालून दुसरी ओळ होती, यकृतातल्या शिरा रुंद दिसतात. दोन्ही कागदांवर माझी सही होती. सकाळी लाईट आल्याबरोबर छातीचा एक्स-रे काढला, या वेळी बाजूने, कुशीवरून. समोरून काढलेल्या फोटोत जे पाठीच्या कण्याच्या आणि सावल्यांच्या गर्दीत हरवतं ते बाजूने उघडं पडतं. हृदयाच्या कडेने चुन्याची पांढरी रेघ होती. खालून सुरू होऊन पुढच्या बाजूने वर गेलेली, कुठे जाड, कुठे तुटक. ओहोटीला खडकावर कालवं दिसतात तशी. आत मऊ जीव आणि भोवती दगड झालेलं कवच.

मग मी त्यांना विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. पूर्वी कधी मोठा आजार? त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि हळू आवाजात सांगितलं. १९८५ साली, मुंबईत, छातीत पाणी झालं होतं. टीबी. खोलीत सोबत राहणाऱ्या गाववाल्यांना कळू नये म्हणून दुसऱ्या वॉर्डातल्या दवाखान्यात जाऊन सुया घ्यायचे. बरं वाटल्यावर सोडून दिलं. गावी कोणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही ते त्या सकाळी माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं.

हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची, आत थोडं वंगणासारखं पाणी. हृदय तिच्यात सुखाने हलत असतं. क्षयाने ती सुजते, आतलं पाणी आटतं, दोन्ही पदर चिकटतात, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या जागेवर व्रण आणि चुना साठत जातो. तरुणपणी झालेल्या जखमेचं कवच कधी कधी पंचवीस-तीस वर्षांनी पुरं होतं. हृदयाचा स्नायू धडधाकट असतो, तो जोराने आवळतो, म्हणून इकोत पंपिंग साठ टक्के येतं आणि माझ्यासारखे डॉक्टर समाधानाने कागद बाजूला ठेवतात. अडचण आवळण्यात नसते. सैल होण्यात असते. कवचाच्या आत हृदयाला पसरायला जागा उरत नाही. डावा आणि उजवा कप्पा एका अरुंद होडीत बसलेल्या दोघांसारखे होतात, एकाने अंग पसरलं की दुसऱ्याला आखडावं लागतं. मागून येणारं रक्त उंबऱ्याशी तुंबतं, मानेत चढतं, यकृतात भरतं, पोटात पाझरतं. माणूस म्हणतो, पोट फुगलं. छातीत दुखतं असं तो सहसा म्हणत नाही. प्राग शहरात फ्रिडेल पिक या वैद्यांनी १८९६ मध्ये असेच रुग्ण पाहून त्याला यकृताचा खोटा सिरॉसिस, म्हणजे यकृत आक्रसल्याचा नुसता भास, म्हटलं होतं. माझ्या चुकीला शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलेलं होतं.

त्यांचा मुलगा त्या दिवशी दुपारी पुण्याहून आला. मी त्याला एक्स-रे लावायच्या काचेसमोर उभं केलं आणि ती पांढरी रेघ बोटाने दाखवली. सांगितलं की हा जुन्या टीबीचा चुना आहे, यकृत आधीपासून बिघडलेलं नाही, आणि दारूचा याच्याशी काही संबंध नाही. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डिसेंबरात मी फोन केलेलो तुमका. तुमी म्हणालास, दारू सोडली तर वाचतील." मला तो फोन आठवत नव्हता. असे फोन रोज येतात. त्याने त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं होतं. पैसे पाठवायचा, बोलायचा नाही. डॉक्टरच म्हणतायत म्हटल्यावर आईचं कोण ऐकतो.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांचं ऑपरेशन झालं. तिथे त्यांनी आधी सीटी स्कॅन केला, पुन्हा इको केला, या वेळी श्वासागणिक मोजमापं घेऊन, आणि दोन्ही कप्प्यांत नळ्या घालून दाब मोजले. कारण हृदयाचा स्नायूच आतून ताठर झाला तरी माणूस असाच दिसतो, आणि त्याला छाती उघडून काही फायदा नसतो. सोलून निघण्यासारखं बाहेर काही आहे की नाही याची खात्री करूनच सुरी हातात घ्यायची. धोका लहान नव्हता. या ऑपरेशनात शंभरातले सहा ते बारा दगावतात असे आकडे आहेत, आणि ते मी तिघांना समोर बसवून सांगितले. बायकोने फक्त एवढंच विचारलं की केलं नाही तर काय. मी सांगितलं. तिने पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, तिकिटं काढ.

सर्जन पुढे मला फोनवर म्हणाले की ताटलीत टाकलेले तुकडे वाजत होते. चुना स्नायूत रुतलेला असतो, त्यातूनच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात, त्यामुळे सुपारी सोलावी तसं एका दमात काही निघत नाही. नखाएवढा तुकडा सोडवायचा, थांबायचं, ठोके बघायचे, मग पुढचा. आधी डावी बाजू मोकळी करायची आणि मग उजवी. उलट केलं तर मोकळा झालेला उजवा कप्पा एवढं रक्त पुढे लोटतो की जखडलेल्या डाव्याला ते पेलत नाही आणि फुफ्फुसं भरतात. पाच तास लागले. एवढी वर्षं आवळून राहिलेला स्नायू लगेच ताळ्यावर येत नाही, म्हणून पहिले काही आठवडे वाईट गेले. पण गणपतीला ते घरी आले तेव्हा वजन चौदा किलोने उतरलं होतं आणि सगळं पाणीच गेलं होतं. ते दवाखान्यात आले. मी पोटाला हातसुद्धा न लावता आधी म्हटलं, वरचं बटण सोडा.

त्यानंतर मी बदललो का? थोडा. प्रत्येक माणसाची मान बघतो, कानाची पाळी बघतो, कधी कधी बाजारातसुद्धा. पुढच्या वर्षी बंदरावरची एक मासेवाली आली, आवाज बसला म्हणून. लिलावात तिच्या हाकेने पाट्या उचलल्या जायच्या आणि आता तोंडातून नुसती फुसफुस. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून डावी स्वरतंतू हलत नाही असं सांगितलं होतं, आणि घरात कॅन्सरच्या नावाने रडारड सुरू होती. खोकला आहे, जिना चढताना दम लागतो, पण तिला ते वयाचं वाटत होतं. तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोप हलकाच टेकवला, आणि पहाटे दुसऱ्या घरातून जात्याची घरघर यावी तसा आवाज आला. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने हृदयाची डावीकडची झडप आखडलेली. तिच्यामागचा कप्पा फुगला, फुफ्फुसाची धमनी फुगली, आणि आवाजाची डावी नस महाधमनी आणि त्या फुगलेल्या धमनीच्या चिमटीत सापडली. ऑस्ट्रियाचे वैद्य नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये आखडलेल्या झडपेमुळे असा आवाज बसल्याचं वर्णन केलं आहे. जपानच्या कान्जी इनोऊ या सर्जनने तयार केलेल्या फुग्याने मांडीतून जाऊन झडप रुंद केली, छाती न उघडता. आवाज पुरता परतला नाही. हाक आता अर्ध्या बंदरापर्यंत पोचते. ती बाई मला भेटली की मला बरं वाटतं, आणि लगेच गिरणीतल्या त्या माणसाचे आठ महिने आठवतात. तिच्या वाट्याला आलेलं माझं लक्ष त्यांच्या वाट्याला यायला हवं होतं.

माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो तो डिसेंबर महिना होता. तरीतून पलीकडे गेलो, पाखाडी चढलो. अंगणात सारवण ओलं होतं म्हणून मी कडेने गेलो. ते माडाखाली झावळं विणत बसले होते, अंगात बनियन, छातीवर उभा व्रण, मान मोकळी. ओटीवर बसल्यावर मी सगळं बोललो. चुकलं, मान पाहिली नाही, कागद वाचले नाहीत, तुमचं ऐकलं नाही. ते म्हणाले, जाऊ दे हो, बरा झालंय मा. मुलगा दर रविवारी फोन करतो हेही सांगितलं. बायको आत होती. कोकमाचं सरबत घेऊन आली, पेला माझ्या हातात दिला आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "औषद चुकला त्याचा काय नाय. माणूस आसा, चुकतला. पण तुमी तेवा हसलास."

मी पेला धरून बसलो. त्या हसण्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

कणकवलीच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा चार वाजून गेले होते. गर्दीत ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ नेमके माझ्या पुढच्या सीटवर आले, खिडकीशी. पाठीमागून कॉलरची घडी दिसत होती, आणि तिच्यावर डाव्या कानाची पाळी. नांदगाव तिठ्यापर्यंत मी पाळीवरून नजर काढली नाही. रस्ता खराब, गाडी हादरत होती, पाळी हलते की गाडी, कळेना. आसलद्याला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, कंडक्टर पार्सल उतरवायला खाली गेला. सगळं स्थिर झालं. पाळी स्थिर होती. एक-दोन मिनिटं मी मोजून पाहिलं. मग गाडी सुटली, खिडकीतून वारा आला, आणि त्यांनी एका हाताने वरचं बटण सोडलं. शिरगावला ते उतरले. कापडी पिशवी खांद्याला लावली, माझ्याकडे एकदा वळून पाहिलं आणि दुकानांच्या मागे चढणीला लागले. चढणीवर ते कुठे थांबतात का हे बघायला मी खिडकीतून मागे वळलो होतो. गाडी वळणावर गेली.